गारठ्याचा वास

१

आमच्या स्वयंपाकघराची आणि शेजारच्या बेकरीची भिंत एकच आहे. सकाळी उठले की मी आधी त्या भिंतीला हात लावते. कोमट लागली तर पलीकडे भट्टी नुकतीच पेटली, चटका बसला तर पहिली खेप आत गेली. आमचे हे म्हणतात, "तुला घड्याळ नको, शेजारी हवेत." म्हणोत बापडे. यांना स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते शेजाऱ्यांना विचारावं लागतं.

मी शिकले दहावीपर्यंत. पण कुणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं आणि निघताना त्याचं तोंड कसं होतं, हे मला जिन्यातल्या पावलांवरून कळतं. तेव्हा बेकरीवाल्या वहिनींबद्दल हे जे लिहिते आहे ते ऐकीव नाही. बघितलेलं आहे, आणि जे बघितलं नाही ते हुंगलेलं आहे.

वहिनींचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बेकरी त्या एकट्या चालवतात. पुढे विक्रीची खोली, मागे भट्टीची. भट्टी गॅसवरची, भिंतीला लागून, लोखंडी दाराची. इतकी वर्षं त्या खोलीत घड्याळ नव्हतं. वहिनी पाव वासावर काढायच्या. पुढे गिऱ्हाइकाशी बोलत असायच्या, कुणाच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी चाललेली असायची, आणि मधेच मान किंचित वर करून म्हणायच्या, "झाले." मग आत जाऊन दार उघडायच्या आणि पाव झालेले असायचे. एक मिनिट आधी नाही, एक मिनिट नंतर नाही. मी कितीदा मुद्दाम बोलण्यात गुंतवून पाहिलं. एकदाही फसल्या नाहीत.

मागच्या वर्षी एका सकाळी त्या खालच्या फळीवरचा ट्रे काढायला वाकल्या आणि उठताना डोकं वरच्या लोखंडी मांडणीच्या कोपऱ्यावर आपटलं. मी तिथेच होते. रक्त नाही, चक्कर नाही. खाली बसल्या, हसल्या, म्हणाल्या, "ताई, भर दिवसा चांदण्या दिसल्या." आणि उठून पुढची खेप आत सारली. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला तो स्वच्छ आला. किरकोळ मार आहे, आठवडाभर विश्रांती घ्या, म्हणाले. वहिनींनी अर्धा दिवस घेतली.

२

टेंगूळ चार दिवसांत उतरलं. बाकीचं नंतर आलं, एकेक करून, घरात पाहुणे शिरावेत तसं.

आधी उजेड सहन होईना. मग भांड्याचा आवाज. मग शब्द सापडेनासे झाले. मिठाकडे बोट दाखवून "ते, ते पांढरं, साखर नव्हे ते" असं म्हणायच्या आणि स्वतःवरच चिडायच्या. दुपारी दोन वाजता अशा थकायच्या की पिठाच्या पोत्यावर डोकं टेकून डोळे मिटून घ्यायच्या. एकदा सुट्टे पैसे परत देताना उगाच रडायला लागल्या. डॉक्टरांकडे पुन्हा गेलो, मी सोबत होतेच. ते म्हणाले, मार लहान असला तरी काही जणांत असं महिनोन् महिने रेंगाळतं, कुणाचं वर्षांनंतरही राहतं. फोटोत दिसत नाही म्हणून ते खोटं नसतं. हे शेवटचं वाक्य ऐकून वहिनींनी त्यांना हात जोडले. तोवर सगळे त्यांना "काही झालेलं नाही" एवढंच सांगत होते.

आणि वास गेला. ते आम्हाला कळलं तेव्हा भट्टीतून काळा धूर येत होता आणि वहिनी तिच्यापासून दोन हातांवर उभ्या राहून मान किंचित वर करून थांबल्या होत्या. वाट बघत होत्या, कधी होतात पाव याची.

त्यानंतर त्या बाईने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर घड्याळ आलं आणि ओट्यावर टणटण वाजणारा टायमर आला. त्याची घंटा डोक्यात जाते म्हणून त्याला फडकं गुंडाळलं. डोळ्यांना काळा चष्मा, कानांत कापूस. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. पीठ मळून झालं की कागदावर रेघ, म्हणजे मीठ दोनदा पडू नये. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं डोळे मिटून बसणं, पुन्हा वीस मिनिटं. साठी जवळ आलेल्या बाईने स्वतःचा धंदा पहिलीच्या पोरीसारखा पुन्हा गिरवला. चुकल्या की खोडायच्या आणि पुन्हा लिहायच्या. मी असते तर पहिल्याच आठवड्यात माहेरी जाऊन झोपले असते.

पण त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. तो आला, काळी पडलेली खेप त्याने पाहिली, आणि म्हणाला, "आई, पाव जळले तर जळू देत. उद्या गॅस सुटला तर तुला कळणार आहे का?"

बेकरी बंद करून माझ्याकडे चल, असं त्याचं म्हणणं. वहिनींनी एक महिना मागितला.

"आणि महिनाभर वास कोण घेणार?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मुलगाही बघायला लागला. म्हणाला, "काकू, तुम्ही नाहीतरी नाक खुपसताच."

"मग आता पगारी खुपसते," मी म्हटलं. "रोज दोन बन."

३

असं माझं काम सुरू झालं. सकाळी सहाला जायचं, भट्टीच्या खोलीत स्टुलावर बसायचं आणि हुंगायचं. गॅस पेटवण्याआधी एकदा, नंतर एकदा. पीठ आंबलं की सांगायचं. पाव भाजत आले की सांगायचं. पहिल्या दिवशी मी इतक्या घाईने "झाले" म्हटलं की पाव पांढरे फटक निघाले. वहिनी म्हणाल्या, "ताई, नाकाला धीर शिकवा."

त्यांनी शिकवलं. आधी ओल्या पिठाचा वास जातो, मग गोडसर येतो, मग क्षणभर काहीच येत नाही, आणि त्या काहीच नाहीच्या नंतर जो येतो तो आपला. स्वतःला एकही वास येत नसताना मला नुसत्या आठवणीवरून वास शिकवत होत्या. नवव्या दिवशी माझं नाक कामाला आलं. भट्टीमागची रबरी नळी चिरली होती, मला गॅसचा पुसटसा वास आला आणि मी ओरडून सगळं बंद करायला लावलं. गॅसवाला आला, म्हणाला, कुणाला कळलं हे? इतकी बारीक चीर आहे. वहिनींनी त्या दिवशी मला चार बन दिले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळचे साडेसात असतील. भट्टी रसरसलेली, खोलीत इतका उकाडा की माझा पदर मानेला चिकटलेला. वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून गोळे करत होत्या. मधेच त्यांचे हात थांबले. मान किंचित वर झाली.

"कोण आलं?" त्या म्हणाल्या.

मी पुढच्या खोलीत डोकावले. कुणी नव्हतं.

"कुणी नाही. का हो?"

"काही नाही," म्हणाल्या, आणि पुन्हा गोळे करायला लागल्या.

मी स्टुलावर बसले आणि मग माझ्या लक्षात आलं. ती मान. तशी मान त्या फक्त वास आल्यावर वर करायच्या.

४

चार दिवसांनी त्यांनी स्वतःच सांगितलं. "एक वास येतो. एकच. बाकी काही येत नाही."

"जळका? डॉक्टर म्हणाले होते ना, काहींना नसलेला वास येतो. जळल्याचा, धुराचा."

"जळका नाही. उलटं." शब्द शोधत त्यांनी बोटं हवेत फिरवली. "कडाक्याच्या थंडीतून कुणी घरात आलं, तर त्याच्या कपड्यांना बाहेरचा वास असतो बघा. गारठ्याचा. जरा ओल्या लोकरीसारखा, जरा लोखंडासारखा. तसा. नुकतंच कुणी आत आल्यासारखा."

"मग तो जातो ना, माणूस घरात बसल्यावर?"

"हो. पाच मिनिटांत जातो. हा जात नाही. हा सारखा नुकताच आलेला असतो."

कुठून येतो म्हटलं, तर मागच्या दाराकडे बोट केलं. ते दार कित्येक वर्षं बंद आहे, पुढ्यात पोत्यांची थप्पी आहे. वहिनी मला म्हणाल्या, "तुमच्या नाकावर माझा भरवसा आहे. जरा तिथे उभ्या राहा आणि सांगा."

मी गेले. पोत्यांपाशी उभी राहिले. पिठाचा वास, तागाचा वास, उंदराच्या गोळ्यांचा वास. एक पाऊल डावीकडे सरकले.

तिथे गारठा होता. अंगाला नव्हे, अंगावरून घामाची धार वाहत होती. नाकाला. डिसेंबरात कुणी दार उघडून आत यावं आणि कोट न काढता शेजारी उभं राहावं, तसा. मी श्वास घेतला तसा तो आणखी आत आला.

"येतोय का?" वहिनींनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

५

का म्हटलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. डॉक्टरच म्हणाले होते की असा वास खोटा असतो. मग नाही म्हटल्याने त्यांना बरंच वाटेल असा हिशोब केला. मुलाला कळलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी कुलूप लावलं असतं, हेही खरं. पण सगळ्यात खरं हे की हो म्हटलं असतं तर ते तिथे आहे असं झालं असतं, आणि मला तिथून भट्टीपर्यंत त्याच्याकडे पाठ करून चालायचं होतं.

घरी येऊन मी स्वतःची समजूत घातली. वहिनींनी इतकं नेमकं वर्णन केल्यावर कुणालाही वास येईल. लिंबू म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, त्यातलाच प्रकार. यांना विचारलं, "भिंतीतून गारठा येऊ शकतो का?" तर म्हणाले, "त्या भिंतीवर मी माझे मोजे वाळवतो." मग एका दुपारी, वहिनी डोळे मिटून बसल्या असताना, मी सगळी पोती हलवून पाहिली. ओल नाही, फट नाही, मोरी नाही. आणि वासही नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसले.

मग वळले, आणि तो मला पीठ मळायच्या काथवटीपाशी आला. दाराहून तीन पावलं अलीकडे.

त्यानंतर मी रोज मोजत गेले. सोमवारी काथवट. बुधवारी टेबलाचा कोपरा. घाईत नव्हता. रोज फरशीभर, कधी अर्धी. भट्टीच्या दिशेने.

वहिनींना हे माहीत होतं. त्यांचे डोळे बरोबर त्याच जागेकडे जायचे. आधी त्या रोज विचारायच्या, "आज येतोय का हो?" मी रोज म्हणायची, नाही. हळूहळू विचारणं थांबलं. आणि मग मी जे पाहिलं ते त्या वासापेक्षा वाईट होतं. डोकं आपटलं तेव्हा जी बाई खचली नव्हती, ती माझ्या "नाही"ने खचत चालली होती. गोळा हातात घेऊन पुन्हा तराजूत टाकायच्या, पुन्हा काढायच्या. आजवर बोटाने दाबून पीठ ओळखणाऱ्या, आता मला विचारायच्या, "हे मऊ आहे ना? का मलाच वाटतंय?" कागदावर रेघ असूनही मीठ चाखून बघायच्या. नाक खोटं बोलतंय तर बोटं कशावरून खरं बोलत असतील, असं झालं होतं त्यांना.

एके दिवशी म्हणाल्या, "ताई, मला वाटतं माझं आतून काहीतरी सुटलंय. पोरगा म्हणतो तेच बरोबर असेल."

मी बन खाल्ला. दोन्ही खाल्ले.

६

महिना भरला त्या रविवारी मुलगा आला. वहिनींनी त्याला चहा दिला आणि त्याने काही विचारायच्या आत म्हणाल्या, "बंद करू या. मला नसलेले वास येतात. आज शेवटची खेप काढते आणि तुझ्याबरोबर येते."

आईने इतक्या सहज ऐकावं याची त्याला सवय नव्हती. आम्ही तिघं भट्टीच्या खोलीत होतो. वहिनींनी अ‍ॅप्रनची गाठ सोडली, त्याची घडी केली आणि टेबलावर ठेवली. आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागल्या.

"कसले वास?" त्याने मला विचारलं. "काकू, तुम्ही महिनाभर इथे बसताय. गॅसची ती चीर तुम्हीच पकडलीत. तुम्हाला येतो का असा काही वास?"

वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचा हात टेबलावर एकाच जागी गोल फिरत होता. तो हात मी इतकी वर्षं बघत आले आहे.

"येतो," मी म्हटलं.

हात थांबला.

"गारठ्याचा येतो. भट्टीच्या दारापासून हातभर अंतरावर, या बाजूला. काल टेबलापाशी होता."

मुलगा तिथे गेला. नाक वर करून सगळीकडे फिरला, वाकून फरशी हुंगली. "मला तर पावाशिवाय काही येत नाही," म्हणाला. मग आमच्या दोघींकडे बघितलं. हसावं की चिडावं हे त्याला ठरवता येईना.

वहिनी माझ्याजवळ आल्या. "कधीपासून?"

"तुम्ही पोत्यांपाशी उभं केलंत त्या दिवसापासून."

"आणि मला नाही म्हणालात."

"हो."

"दोन आठवडे मी स्वतःला कामातून गेलेली समजत होते, ताई."

"मी बघत होते, वहिनी. घाबरले होते."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त एक मोठा श्वास सोडला, पोतं खाली ठेवल्यावर हमाल सोडतो तसा. अ‍ॅप्रनची घडी उलगडली, गळ्यात घातला, मागे गाठ मारली.

"ही शेवटची खेप नाही," मुलाला म्हणाल्या. "तुझा चहा गार होतोय."

"आई, दोघींना भास होतोय म्हणजे तो खरा ठरत नाही."

"नसेल ठरत. पण माझं डोकं जागेवर आहे एवढं ठरतं. गॅसची तुझी काळजी खरी आहे, त्यावर काय करायचं ते कर."

त्याने केलं. दुसऱ्या दिवशी गॅस सुटला की आपोआप बंद होणारी झडप बसवली, वर वाजणारं यंत्र लावलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, काही वेगळं वाटलं तर मला फोन करा." मी हो म्हटलं. वेगळं म्हणजे काय, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

७

तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "दोघींना येतो म्हणजे आहे. आहे तर पाहून घेऊ."

एखादीने खोलीला कडी घातली असती. या बाईने बारीक चाळणी काढली. सकाळी साडेआठला वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप भट्टीसमोर पडते. वहिनी स्टुलावर चढल्या, काळा चष्मा काढला, उजेडाने डोळ्यांत पाणी आलं तरी काढून ठेवला, आणि हात लांब करून त्या जागेवर मैदा चाळायला लागल्या.

पीठ उन्हातून संथ खाली येत होतं. सगळीकडे फरशीपर्यंत. एका जागी नाही.

तिथे ते माणसाच्या उंचीवर थांबलं. आधी थोडं, मग उतरत्या खांद्यांइतकं रुंद. मधे मानेची खळगी. त्याखाली पाठीचा उतार, कंबरेपर्यंत, आणि तिथून खाली काही नाही. मी चेहरा शोधत होते. चेहरा पलीकडे होता, भट्टीकडे. आमच्याकडे पाठ होती.

वहिनींचा हात थांबला नाही. शेवटचा मैदा संपेपर्यंत चाळत राहिल्या.

मग ती पाठ शहारली. थंडी वाजलेला माणूस शहारतो तशी, एकदाच. सगळं पीठ एकदम खाली पडलं.

मी भिंतीला चिकटले होते. वहिनी स्टुलावरून उतरल्या, हळूच, आवाज न करता. झाडू आणला, फरशीवरचं पीठ गोळा केलं आणि एवढंच म्हणाल्या, "शेकतंय. शेकू दे."

८

त्याला आता सात आठवडे झाले. मी अजून जाते, सहाला. घरी कुणाला सांगितलेलं नाही. यांना वाटतं मी बनांसाठी जाते.

वहिनींची डोकेदुखी अजून आहे. शब्द अजून हरवतात, दुपारी अजून डोकं टेकतात. पण पीठ पुन्हा बोटाने ओळखायला लागल्या आहेत, तराजू फळीवर गेला आहे. काम चालू असताना त्या कधी त्या जागेकडे टक लावून बघत नाहीत आणि कधी विसरतही नाहीत. ट्रे काढताना म्हणतात, "सरका जरा, चटका बसेल." कुणाला म्हणतात ते मला माहीत आहे. त्यांच्या आवाजात भीती असती तर मला धीर आला असता. ती नाही, म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहते.

आणि वास कमी होतोय. पहिल्यांदा मला जाणवलं, दोन दिवसांनी त्यांनाही. ओल्या लोकरीचा गेला. लोखंडाचा पुसट झाला.

डॉक्टरांना सांगितलं तर ते खूश झाले. नसलेला वास कमी होणं हे चांगलं लक्षण आहे, म्हणाले, मेंदू सावरतोय. त्यांनी कागदावर तसं लिहिलंही. मुलाचा फोन आला, तो तर आनंदाने बोलतच सुटला. वहिनी ऐकत होत्या. "हो रे," म्हणाल्या, "खूप कमी झालाय. आता संपेलच."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. आम्ही दोघी थंडीत वाढलेल्या बायका आहोत. शेगडीसमोर उभं राहून छातीला पुरेशी ऊब मिळाली की माणूस पुढे काय करतो, हे आम्हाला कुणी सांगायला नको. तो वळतो, पाठ शेकायला.

परवा वहिनींनी काथवट हलवली. इतकी वर्षं त्या भट्टीकडे पाठ करून मळायच्या; आता तोंड करून मळतात. मी विचारलं, कशाला? तर म्हणाल्या, "कुणी आपल्याकडे बघणार असेल तर आपणही त्याच्याकडे बघावं. पाठ काय दाखवायची?" माझं स्टूल त्यांनी स्वतःच्या शेजारी ओढून घेतलं, आणि एक गोळा माझ्याही हातात दिला.

आज सकाळी मळता मळता त्यांनी विचारलं, "किती आहे, ताई?"

मी श्वास आत घेतला. धीराने घेतला, त्यांनी शिकवला तसा.

"कालच्याहून कमी," मी म्हटलं.

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि पीठ उलटवलं.